ट्रायफीना पेलीच्या घोट्यातला जंतू

गॅनेट कोव्ह, न्यूफाउंडलंड
२ मार्च २०१०

प्रिय ग्लेनिस,

तुला एक आजी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पत्र कोणाचं म्हणून तुझा गोंधळ उडायला नको. तुझ्या बापाची आई. उंची कमी, आवाज मोठा. ख्रिसमसला जिच्या घरी तू खारवलेला कॉड दोनदा मागून खाल्लास आणि "जानेवारीत पत्र टाकते गं आजी" म्हणून फेरीबोट गाठलीस, ती मी. जानेवारी इकडे येऊन गेला. टोरांटोत अजून पोचायचा असेल.

पत्र नेहमीप्रमाणे एफी लिहिते आहे. तिने आयुष्यभर या गावाचं पोस्ट चालवलं, त्यामुळे जगातलं प्रत्येक पत्र आपलंच आहे असं तिला वाटतं. मी सांगते ते सगळं लिही म्हटलं की म्हणते, "हे लिहिण्यासारखं नाही, ट्रायफीना." मी म्हणते, तू हात आहेस, डोकं नाहीस, लिही. (लिहिते आहे. — एफी)

फोन कर म्हणशील. फोनवर तू विचारतेस "बरी आहेस ना", मी म्हणते "हो", आणि झालं बोलणं. शिवाय कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं. पत्र कसं, पुन्हा वाचून घेता येतं आणि मधेच कोणी ठेवून देत नाही.

आता काम सांगते. परवा चर्चमध्ये पाद्रीबाईंनी विचारलं, "तुमची नात तिकडे करते तरी काय?" म्हटलं, जंतू मारते. तर म्हणाल्या, "ते तर फरशी पुसणारीही करते." मला उत्तर सुचलं नाही, आणि असं माझं कधी होत नाही. तेव्हा काय करतेस ते मला कळेल असं लिही. पाद्रीबाईंना कळलं नाही तरी चालेल.

मी या कामाची चेष्टा करत नाही, बरं का. माझा भाऊ ईलाय तू पाहिला नाहीस, तुझ्या बापानेही नाही. जाळी ओढताना ओल्या बाहीनं मनगट सोलवटायचं आणि फोड यायचे, सगळ्याच कोळ्यांना यायचे. म्हणून तर पुरुष मनगटाला पितळी साखळ्या बांधत. ईलायचा एक फोड चिघळला. आईनं फरच्या झाडाचा चीक लावला, गरम पावाचं पोटीस बांधलं. हातावरून एक लाल रेघ वर चढत काखेपर्यंत गेली, आणि किनाऱ्याचं बर्फ फुटायच्या आत तो गेला. मिशी नुकतीच येत होती. पुढे दुसरी मोठी लढाई संपल्यावर एक नर्स बोटीनं आली, तिच्याजवळ सुई होती. त्याहून वाईट हात झालेला माणूस आठवड्यात पुन्हा होडीवर गेला. त्या सुईत काय होतं हे मला तेव्हापासून कोणाला तरी विचारायचं आहे. तू घरचीच आहेस.

मी ठणठणीत आहे. जरा हळू चालते, एवढंच. आता एफीला इथल्या हवेबद्दल चार ओळी लिहायला सांगते.

तुझी आजी

(हवा गार आहे. ती चालत नाही, ग्लेनिस. दोन वर्षांपूर्वी हाड मोडलं तेव्हा घोट्यात धातूची पट्टी बसवली होती ना, तिथून पू येतो. नर्स रोज येते. तुला कळवायचं नाही अशी मला शपथ घातली आहे, पण मी ती मोठ्यानं घेतली नव्हती. — एफी)


टोरांटो
१४ मार्च

प्रिय आजी,

जानेवारी पोचला. जरा उशिरा, माझ्यासारखाच.

आधी काम सांगते, मग भांडते.

ईलाय आजोबांच्या वेळी सुई नव्हती. मग सुई आली, तिच्यात पेनिसिलिन होतं, बुरशीतून काढलेलं औषध, आणि आपण ती इतकी वापरली की काही जंतू तिला सरावले. आज असे जंतू आहेत ज्यांच्यावर जुनं एकही औषध धड चालत नाही. मी त्यांच्यासाठी वेगळी वाट शोधते.

असं समज, जंतूच्या पोटात एक मोठं पुस्तक आहे. त्यात त्याला लागणारं सगळं कसं बनवायचं ते लिहिलेलं असतं. पण पुस्तक कोणी चुलीजवळ नेत नाही. हवं तेवढंच एका चिठ्ठीवर उतरवून घेतात आणि ती चिठ्ठी स्वयंपाकघरात जाते. त्या चिठ्ठीला आम्ही आरएनए म्हणतो. काही चिठ्ठ्यांच्या डोक्याशी एक घडी असते. एक जीवनसत्त्व आहे, ते पुरेसं झालं की स्वतःच जाऊन त्या घडीत बसतं, आणि चिठ्ठी मिटते. मग जंतू म्हणतो, झालं, आता बनवायला नको.

मी एक खोटं जीवनसत्त्व बनवलं आहे. ते घडीत चपखल बसतं. जंतूला वाटतं आपलं पोट भरलं, तो चूल विझवतो, आणि उपाशी मरतो. दोन वर्षं मी हेच करते आहे. पाद्रीबाईंना सांग, फरशी पुसणारी जंतूला फसवत नाही.

ही चिठ्ठी इतकी नाजूक असते की आपल्या बोटाचा घाम लागला तरी विरते. म्हणून दिवसभर हातमोजे. नाक खाजलं तरी हात लावायचा नाही. माझे सर, डॉ. केरेकेश, म्हणतात की चांगला संशोधक नाक खाजण्याची सवय सोडतो. ते हंगेरीचे आहेत, हे विनोदानं म्हणतात की कसं, ते मला तीन वर्षांत कळलेलं नाही. जूनमध्ये मोठी परिषद आहे, तिथे मी हे काम मांडणार. एक औषध कंपनीही ऐकायला येते आहे.

आता भांडण. घोट्याला काय झालंय? आणि एफी मावशीवर ओरडू नकोस. ती हे तुला वाचून दाखवते आहे, तेव्हा तिच्या तोंडासमोरच सांगते: मावशी, उपकार झाले.

तुझी,
ग्लेनिस


गॅनेट कोव्ह
२९ मार्च

प्रिय ग्लेनिस,

हवा गार आहे एवढं लिहायला एफीला इतका वेळ का लागला, याचा मला तेव्हाच संशय आला होता. पोस्टातल्या बाईला दुसऱ्याची पत्रं उघडायची सवय असते हे माहीत होतं. त्यात भर घालायचीही असते हे आता कळलं. दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी बोलावं लागलं, कारण सरपण तीच आणते. (आणि केकही. — एफी)

तर ऐक. घोट्याच्या हाडापर्यंत ते गेलं आहे. शहरातल्या हॉस्पिटलात एक डॉक्टर आहेत, ओयेलारन म्हणून, नायजेरियाचे. माझ्याशी बोलताना खुर्ची ओढून बसतात, घड्याळाकडे बघत नाहीत. त्यांनी एकामागून एक औषधं दिली. पट्टीही काढली. काही होत नाही. म्हणाले, "मिसेस पेली, हा जंतू हट्टी आहे." म्हटलं, मग योग्य घरी आलाय. तर ते हसले नाहीत. म्हणाले, गुडघ्याच्या खाली कापावं लागेल.

मी नाही म्हटलं. कापायला मी भीत नाही गं. मला ठाऊक आहे पुढे काय होतं. आपलं घर त्या चढावर. एका पायाची बाई तिथे कशी राहणार म्हणून तुझा बाप अल्बर्टातल्या तेलाच्या विहिरी सोडून विमानानं येईल, डोळे पुसेल, आणि मला फेरीच्या पलीकडल्या वृद्धाश्रमात ठेवून परत जाईल. तिथे ऑलिव्ह बर्टला ठेवली आहे. तिला रोज दुपारी रंगीत कागद कापायला देतात. मी आयुष्यभर मासे कापले.

तुझी चिठ्ठी आणि तिची घडी मला नीट कळली. एफीला तिसऱ्यांदा वाचून दाखवावं लागलं, ते तिच्यासाठी. म्हणजे तुझ्याकडे औषध आहे आणि माझ्याकडे जंतू आहे. यात अडचण काय ते मला कोणी समजावून सांगा. एका बरणीत घालून पाठव. झाकण घट्ट लाव, फेरीवर सामान आपटतात.

डॉक्टरांनाही मी सांगितलं. म्हटलं, माझा जंतू माझ्या नातीकडे पाठवा, तिला ओळख करून घेऊ दे. त्यांना वाटलं मी भ्रमिष्ट झाले. मग मी तुझं पत्र एफीकडून त्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "औषध इकडे आणता येणार नाही, पण जंतू तिकडे पाठवता येईल." कागद आणले, मी सहीच्या जागी फुली मारली. तुला येईल. माझा म्हणून त्याला जास्त जपू नकोस.

तुझी आजी


टोरांटो
१२ एप्रिल

प्रिय आजी,

बरणी पाठवता येत नाही. माझं औषध अजून उंदरालाही दिलेलं नाही. उंदीर, मग मोठे प्राणी, मग निरोगी माणसं, मग आजारी. वर्षं लागतात, आणि बहुतेक औषधं वाटेतच पडतात. हे मी आधीच्या पत्रात लिहायला हवं होतं.

पण तुझा जंतू आला. परवानग्यांचे कागद त्याच्याहून जाड होते. सगळी लेबलं नियमानुसार लावायची असतात, नाव लिहायचं नसतं, पण प्रयोगशाळेत सगळे त्याला आता "आजी" म्हणतात. "आजीला फ्रिजमध्ये ठेवलंस का?" असं कोणी विचारलं की नवी मुलं दचकतात.

आणि आजी, तो मेला. पहिल्याच फेरीत. जुन्या सगळ्या औषधांना तो हसला आणि माझ्या औषधानं मेला. मी पुन्हा केलं, पुन्हा मेला. सर स्वतः बघायला आले आणि म्हणाले, "हा जूनच्या व्याख्यानात घाल." मी त्या दिवशी जेवायला विसरले.

डॉ. ओयेलारन सांगतात ते ऐक. मी रविवारी फोन करते आहे, शिट्ट्या मारल्या तरी घे.

तुझी,
ग्लेनिस


गॅनेट कोव्ह
२३ एप्रिल

माझ्या गुणी पोरी,

मेला. एफीनं ते वाक्य वाचलं आणि मी तिला थांबवलं, म्हटलं पुन्हा. संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये बिंगो होता, तिथे तिच्याकडून सगळ्यांसमोर वाचून घेतलं. पाद्रीबाई पहिल्या रांगेत होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, इतकं पाहिलं नाही की त्यांना ते दिसलंच.

डॉक्टरांना फोन करून सांगितलं, करवत पेटीत ठेवा. माझी नात येते आहे. वेळ लागेल म्हणते, तर लागू दे. मी वाट बघण्यात तरबेज आहे. तुझे आजोबा दर वसंतात सीलच्या शिकारीला बर्फावर जात, तेव्हा कोणी रोज तार करत नव्हतं. उंदरांना जरा लवकर आवरायला सांग.

रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी झोपले होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला तेव्हाही. तू तेच सांगणार की डॉक्टरांचं ऐक. ते मला माहीत आहे, आणि मी तुझंच ऐकते आहे: मेला म्हणालीस ना? पत्रात आहे. माझ्या उशीखाली आहे.

तुझी आजी

(ती झोपली नव्हती, हात हलवून नको नको म्हणत होती. ताप येतो-जातो. पाय सुजून वर चढला आहे. डॉक्टर म्हणतात उन्हाळ्यापर्यंत थांबलं तर गुडघाही जाईल, नाहीतर सगळंच. कोणी काही बोललं की ती उशीखालून तुझं पत्र काढते आणि धरते. वाचता येत नाही, पण "मेला" कुठे लिहिलंय ती जागा तिला ठाऊक आहे, तिथे बोट ठेवते. या वेळी मी चोरून लिहीत नाही. समोर बसून लिहिते आहे आणि तिला सांगितलंय की लिहिते आहे. ती खिडकीकडे बघते आहे. — एफी)


टोरांटो
६ मे

प्रिय आजी,

एफी मावशी, हे पत्र सावकाश वाच. काही गाळू नकोस. ती म्हणाली पुरे, तरी थांबू नकोस.

आजी, तो जंतू जिवंत आहे.

एफी मावशीची ओळ वाचली त्या दिवशी मी सरळ प्रयोगशाळेत गेले. तू माझ्या एका शब्दावर पाय सोडायला तयार नाहीस, तर तो शब्द तरी पक्का आहे का हे बघायला. आम्ही जंतू वाढवतो ते एका पातळ, निवळ पेजेत. त्यात जगण्यापुरतं असतं, फार काही नसतं. सगळे तसंच करतात, कारण हजारो औषधं एका यंत्रात तपासायची असतात आणि ते यंत्र पेजेतून आरपार बघून जंतू वाढले का सांगतं. पेज गढूळ झाली म्हणजे वाढले, निवळ राहिली म्हणजे मेले. रक्त घातलं तर यंत्राला काही दिसत नाही. म्हणून रक्त कोणी घालत नाही. मीही घातलं नाही. दोन वर्षांत एकदाही माझ्या मनात आलं नाही.

आता घातलं. यंत्र सोडून, जुन्या पद्धतीनं, काचेच्या ताटलीत फासून, एकेक ठिपका डोळ्यांनी मोजून. रक्तात तुझा जंतू मजेत वाढतो. माझं खोटं जीवनसत्त्व त्याच्या घडीत बसतं, तो चूल विझवतो, सगळं मी सांगितलं तसंच. पण रक्तात खरं जीवनसत्त्व तयार फिरत असतं. त्याला चुलीची गरजच नाही. तो बाहेरून आयतं घेतो आणि खातो. पेजेत तो मेला, कारण तिथे बाहेर काही नव्हतं. तुझ्या पायात आहे.

मग मी बाकीचे जंतू काढले, फ्रिजमध्ये ठेवलेले सगळे. तेही तसेच. सगळेच जगतात.

मी तुला घाईनं लिहिलं. "मेला" हे खरं होतं, पण ज्या जागेबद्दल तू विचारत होतीस तिथलं खरं नव्हतं. ते पत्र उशीखालून काढ आणि चुलीत घाल. पाय कापून घे, आजी. मी हात जोडून सांगते. माझ्याकडे तुझ्यासाठी काहीही नाही. या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही.

सरांना दाखवलं. त्यांनी बराच वेळ ताटल्या उजेडाकडे धरून पाहिल्या. म्हणाले, "पेजेतला निकाल खोटा नाही. परिषदेत तेवढंच मांड. रक्ताचं कोणी विचारलं नाही तर आपण उत्तर कशाला द्यायचं?" कंपनी आली तर प्रयोगशाळा आणखी काही वर्षं चालेल, चार जणांच्या नोकऱ्या राहतील, त्यात माझीही. ते वाईट माणूस नाहीत. दमलेले आहेत. मी अजून काही ठरवलेलं नाही. आधी तुझं.

ग्लेनिस


गॅनेट कोव्ह
१२ मे

ग्लेनिस,

एफीनं दोनदा वाचलं. मी तिसऱ्यांदा वाचून घेतलं. पहिल्या वेळी ती एका ठिकाणी थांबून आवंढा गिळत होती, म्हणून मला काय येणार ते आधीच कळलं. चाळीस वर्षं मी तिच्याकडून पत्रं वाचून घेते, तिचा घसा मला छापील अक्षरासारखा झाला आहे.

तुझं पत्र चुलीत घातलं. एफी म्हणाली, राहू दे आठवण म्हणून. मी म्हटलं, कसली आठवण.

मी रागावले नाही. थोडी रागावले. पहिल्या दिवशी रागावले. तुझ्यावर नाही, बिंगोच्या हॉलमध्ये वाचायला लावलं म्हणून स्वतःवर. आता पुन्हा हॉलमध्ये जाऊन सांगावं लागलं. गेले मी. दोघा पोरांनी खुर्चीसकट उचलून नेलं. उभं राहता येत नव्हतं म्हणून बसूनच सांगितलं की मेला नाही, जिवंत आहे, नातीनं स्वतः शोधून काढलं, आणि मंगळवारी पाय काढणार आहेत. मग पाद्रीबाई उठल्या आणि माझ्यासाठी चहा घेऊन आल्या. त्या बाईला मी आजवर जे काही बोलले त्यातलं निम्मं मागे घेते.

आता तुझं. तू म्हणतेस अजून ठरवलं नाही. मी पाय देते आहे, ग्लेनिस, पण फुकट देणार नाही. तू मला म्हातारीला खरं सांगितलंस, जिच्या हातात काही नाही आणि जी रडली तर फक्त एफीला ऐकू येतं. तेच कोट घातलेल्या माणसांना सांगायला तुझी जीभ का अडखळते? उद्या कोणी दुसरी म्हातारी कुठेतरी करवत थांबवून बसेल. तिच्या उशीखाली तुमच्या कंपनीचा कागद असेल. तिला एफी असेलच असं नाही.

तुझ्या सरांना सांग, रक्ताचं कोणी विचारलं नाही हे खरं नाही. मी विचारते आहे. ट्रायफीना पेली, गॅनेट कोव्ह.

मी मंगळवारी. तू जूनमध्ये. मी मागे हटले नाही तर तू हटायचं नाहीस. असं ठरलं.

आजी


हॉस्पिटलमधून
१९ मे

प्रिय ग्लेनिस,

हे पत्र एकट्या एफीचं. फोनवर तू रडत होतीस म्हणून सगळं सांगता आलं नाही. काल झालं. गुडघा वाचला, डॉक्टर म्हणतात तीच मोठी गोष्ट. नेताना तिनं डॉक्टरांना विचारलं, "हात धुतले का?" त्यांनी दोन्ही हात पुढे करून दाखवले. शुद्धीवर आल्यावर खाली बघितलं आणि चादर पुन्हा नीट ओढून घेतली. मग म्हणाली, "एफी, तुझं सरपण आणायचं काम वाढलं." तेव्हा मी बाहेर जाऊन रडून आले.

तुझा बाप आला आहे. वृद्धाश्रमाचं बोलला. तिनं डोळे मिटून घेतले. मी त्याला बाहेर नेऊन सांगितलं की आत्ता नाही.

एफी मावशी


टोरांटो
२० जून

प्रिय आजी,

मी हटले नाही.

आदल्या दिवशी सरांना सांगितलं की मी रक्ताचं मांडणार आहे. ते म्हणाले, "मग कंपनी जेवणापर्यंतही थांबणार नाही." मी म्हटलं, हो. ते म्हणाले, "तू विचार केला आहेस?" मी म्हटलं, तुम्ही माझ्या आजीला ओळखत नाही. ते म्हणाले, "गेले दोन महिने माझ्या फ्रिजमध्ये आहेत."

व्याख्यानाला हॉल भरला होता. आधी पेजेतले निकाल दाखवले, लोक माना डोलवत होते. पुढच्या रांगेतल्या कंपनीच्या बाई लिहून घेत होत्या. मग मी ताटल्यांची छायाचित्रं लावली. पेजेत एकही ठिपका नाही. रक्तात पूर्ण ताटली भरलेली. मी म्हटलं, हा एका चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईच्या पायातला जंतू आहे, आणि आमचं औषध त्या बाईच्या काही उपयोगाचं नाही. ही चूक मी दोन वर्षं केली, कारण माझ्या यंत्राला रक्तातून दिसत नव्हतं. तुमच्यातल्या किती जणांच्या यंत्राला दिसतं?

कंपनीच्या बाईंनी पेनाला टोपण लावलं. मागून कोणीतरी म्हणालं की हे सगळ्यांना माहीतच होतं. मग एक ओळखीची नसलेली म्हातारी संशोधिका उभी राहिली आणि त्याला म्हणाली, "माहीत होतं तर तुम्ही मागच्या वर्षी इथेच उभं राहून का नाही सांगितलंत?" लोक हसले. तो बसला.

कंपनी गेली. जेवणापर्यंत थांबली नाही. सर माझ्याशी रात्रीपर्यंत बोलले नाहीत. मग हॉटेलच्या जिन्यात भेटले आणि म्हणाले, "तुझ्या आजीचा घोटा मला फार महाग पडला." दुसऱ्या आठवड्यात प्रयोगशाळेत रक्ताची पिशवी आली. त्यांनी स्वतः मागवली होती, मला विचारलं नव्हतं. आता नियम झाला आहे: काहीही नवीन आलं की आधी रक्तात. निकाल हळू येतात, डोळे दुखतात, नव्या मुलांची कुरकूर चालते.

मी नव्यानं सुरुवात केली आहे. जंतू बाहेरून आयतं घेतो, ते ज्या दारातून घेतो ते दार मला आता सापडलं आहे. घडी मिटवायची आणि दारही बंद करायचं, दोन्ही एकदम. अजून एकही गोष्ट जमलेली नाही. काल पुन्हा जगला. आज पुन्हा लावला आहे. पैसे एका वर्षापुरते आहेत, त्यानंतर बघू.

बाबा फोनवर वृद्धाश्रमाचं म्हणत होते. मी त्यांना सांगितलं की ते तू ठरवायचं.

तुझी,
ग्लेनिस


गॅनेट कोव्ह, माझ्याच घरातून
२२ ऑगस्ट

प्रिय ग्लेनिस,

पत्ता नीट वाच. एफीला तो मी दोनदा अधोरेखित करायला लावला आहे.

तुझा बाप वृद्धाश्रमाचे कागद घेऊन आला होता. म्हणाला, "आई, फक्त एक फुली." मी म्हटलं, हेडली, आयुष्यात मी चार-पाच फुल्या मारल्या असतील, आणि प्रत्येक वेळी आधी विचारलं की हे कशाचं आहे. ही मारत नाही. तो म्हणाला, त्या चढावर तू चढणार कशी? म्हटलं, ते मी बघते, तू तुझं तेल काढ. दोन दिवस रुसला. मग तिसऱ्या दिवशी बघते तर बर्ट कुटुंबातली पोरं आणि हा, जुन्या धक्क्याच्या फळ्या उपटून उतार बांधतायत. रस्त्यापासून थेट दारापर्यंत, दोन्ही बाजूंना कठडा. हातोडा धरायला तो विसरलाय, अंगठा काळानिळा झाला. पण शेवटचा खिळा त्यानंच ठोकला आणि मग अल्बर्टाला गेला. जाताना म्हणाला, हिवाळ्यात बर्फ कोण काढणार? एफी म्हणाली, "मी काय मेले आहे?" (बर्फ मी काढत नाही, पाद्रीबाईंचा मुलगा काढणार आहे. पण त्या वेळी तेच बोलणं बरं होतं. — एफी)

नवा पाय आला. पहिल्या दिवशी दारापर्यंत गेले आणि बसले. दुसऱ्या दिवशी उतरणीच्या टोकापर्यंत. पायाला रग लागते, आणि गंमत म्हणजे जो नाही त्याच पायाला लागते. डॉक्टर म्हणतात असं होतं. म्हटलं, जंतूला जागा सोडायची नव्हती, पायालाही नाही, आमच्या घरात सगळे तसेच. या वेळी ते हसले.

तुझं परिषदेचं पत्र मी जपून ठेवलं आहे, पण उशीखाली नाही. कपाटात, चांगल्या कपांच्या मागे. तिथून काढायचं तर उठून चालत जावं लागतं, ते बरं.

आता तुझ्या कामाबद्दल. काल पुन्हा जगला म्हणतेस. जगू दे. तू त्याला उपाशी ठेवून मारत होतीस, त्यात काय मोठं? उपाशी काहीही मरतं. आता त्याला पोटभर रक्त घाल, वर आणखी वाढ, त्याला वाटू दे की पेलींच्या घरी आलोय आणि इथे कोणी कमी पडू देत नाही. तसा तृप्त असताना मार. तेव्हा मला कळव, आणि मग मी हॉलमध्ये जाईन. त्याआधी मुळीच जाणार नाही, आणि तूही मला पत्रात ते एक वाक्य लिहायचं नाहीस. बाकी सगळं लिही. रोज काय फसलं ते लिही. फसलेलं ऐकायला एफीला फार आवडतं.

वर्षानंतर पैशांचं बघू म्हणालीस. बघ. आणि नाही मिळाले तर इकडे ये, घर आहे, उतार आहे, जंतू मात्र तिकडेच ठेव.

हॉस्पिटलात तुमच्याकडचे, ओंटारियोचे पीच दिले होते, डब्यातले, पाकात बुडवलेले, चव साबणासारखी. एफी म्हणते ताजे अजून बाजारात असतील. तर पीच पाठव. कडक बघून घे, पिकलेले घेतलेस तर फेरीवर त्यांचा लगदा होतो. एकेक कागदात गुंडाळ, पेटी मोठी घेऊ नकोस, आणि वर तुझं नाव ठळक लिही, म्हणजे पोस्टातली नवी मुलगी ती कुठे दुसरीकडे ठेवणार नाही. एफीच्या वाट्याचे वेगळे घाल, नाहीतर ती माझ्यातले खाते.

तुझी आजी